मध्यरात्रीची घंटा : तंजावरचे सरफोजी महाराज

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेचे काम सुरू झाले आणि कार्यालयातील जुनी दप्तरे कपाटांतून बाहेर निघाली. साठ वर्षांपूर्वीच्या देणगी पावत्यांच्या स्थळप्रती त्यांत सापडल्या. कोणी अकरा रुपये दिलेले, कोणी दोन पोती सिमेंट. एका पावतीवर रकमेच्या जागी चार रविवार श्रमदान एवढेच लिहिलेले. त्या पावत्यांच्या आधारे देणगीदारांची नामावली याच अंकात अन्यत्र छापली आहे. ती तयार करीत असताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. देणाऱ्यांची नावे आपल्या दप्तरात आहेत. परंतु त्या देणगीतून कोणाची फी भागली, कोणाला गणवेश मिळाला, कोणाचे शिक्षण अर्ध्यावर तुटायचे वाचले, याची नोंद जवळजवळ नाही.

इतिहास हा माझा एम.ए.चा विषय. म्हणूनच की काय, त्या पावत्या चाळताना मला तंजावरचे सरफोजी महाराज आठवले. दानधर्म करणारे राजे आपल्या इतिहासात पुष्कळ झाले. पण दान घेणाऱ्याच्या बाजूने दानाचा वृत्तान्त लिहून ठेवणारा राजा मला तरी दुसरा ठाऊक नाही.

काही वर्षांपूर्वी उन्हाळी सुट्टीत आम्ही काही शिक्षिका तंजावरला गेलो होतो. तेथून तिरुवैयारु उत्तरेला अवघे तेरा किलोमीटर. या तमिळ नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचे गाव. तंजावरहून निघाले की वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी अशा एकेक नद्या ओलांडत आपण शेवटी कावेरीच्या काठी येतो. गावात पंचनदीश्वराचे प्राचीन मंदिर आहे, नदीकाठी संत त्यागराजांची समाधी आहे. आणि त्याच काठावर कल्याण महाल नावाचा जुना राजवाडा आहे. वाडा मराठ्यांचा आहे असे तेथील एका गृहस्थांनी आम्हांला सांगितले. मराठी माणसे आली म्हणून त्यांनी ते मुद्दाम सांगितले असावे. मला मात्र क्षणभर संकोच वाटला. कारण शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी येथे स्थापन केलेल्या राज्याविषयी आपल्या पाठ्यपुस्तकांत फार तर चार ओळी असतात आणि मीही वर्गात त्या चार ओळींपलीकडे क्वचितच गेले होते.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका दूरच्या शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांची स्वतःची मुले हयात राहिली नाहीत. १७८७ मध्ये, मृत्यू समोर दिसत असताना, त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. बाळराजाची काळजी घ्यावी अशी विनंती त्यांनी ज्यांना केली ते ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी होते. हैदर अलीच्या स्वारीच्या काळात तंजावरात अन्नान्नदशा झाली, तेव्हा आधीपासून तांदूळ साठवून उपाशी लोकांना जगवणारे म्हणून श्वार्ट्झ यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. राजाचा विश्वास त्यांच्यावर बसला तो बहुधा त्या तांदळामुळे, धर्मोपदेशामुळे नव्हे.

तुळजाजी गेले आणि त्यांचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी गादी घेतली. शास्त्र्यांकडून दत्तकविधान अवैध ठरविण्यात आले. मुलाला वाड्यातील एका अंधाऱ्या जागेत जवळजवळ कोंडून ठेवले गेले. त्याच्या शिक्षणाकडे कोणी पाहत नव्हते. श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांना सुरक्षिततेसाठी मद्रासला हलवण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनरीच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. पुढे शास्त्र्यांची मते नव्याने मागविली गेली, दत्तकविधान ग्राह्य ठरले आणि १७९८ मध्ये सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले होते. आपला शिष्य राजा झालेला त्यांना पाहता आला नाही. सरफोजींनी आपला धर्म कधी बदलला नाही, पण या गुरूचे ऋण त्यांनी जन्मभर मानले. श्वार्ट्झ यांच्या अंत्यसमयीचा देखावा फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरात कोरवून त्यांनी तंजावरच्या चर्चमध्ये बसवला. तो आजही तेथे आहे.

ही हकिगत मी विस्ताराने सांगितली, कारण पुढील सारे तिच्यातून उगवले असे मला वाटते. परक्या घरात आणलेले, मग नको झालेले, कोंडलेले आणि शेवटी एका परधर्मीय वृद्धाच्या आस्थेमुळे शिकलेले हे मूल होते. आश्रितपण म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

राज्य हाती आले, पण टिकले फक्त एक वर्ष. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनीकडे गेला. महाराजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची तैनात आणि मुलुखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. सैन्य नाही, न्यायदान नाही, सारा वसुली नाही. बावीस वर्षांच्या राजाला यापुढे करण्यासारखे काय राहिले होते? पुष्कळ संस्थानिकांनी या प्रश्नाचे उत्तर शिकारीत आणि नाचगाण्यात शोधले. सरफोजींनी ज्या एका गोष्टीसाठी कंपनीशी लेखणीने झुंज घेतली ती म्हणजे छत्रे.

छत्र म्हणजे वाटसरूंसाठी निवारा आणि अन्न देणारी धर्मशाळा, तमिळमध्ये चत्तिरम. उत्तरेकडून रामेश्वरला जाणारा यात्रेचा मार्ग तंजावर प्रांतातून जातो. त्या वाटेवर भोसले राजांनी ओळीने छत्रे उभारली होती आणि त्यांच्या खर्चासाठी जमिनी लावून दिल्या होत्या. बऱ्याच छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे छत्र यमुनांबेच्या नावाचे, ओरत्तनाडूचे मुक्तांबेचे. ही मुक्तांबा सरफोजींची प्रिय सहचरी. तिने मरतेसमयी आपल्या नावाने अन्नछत्र व्हावे अशी इच्छा व्यक्त केली आणि १८०२ च्या सुमारास महाराजांनी ती पुरी केली, असे सांगतात. छत्राच्या दर्शनी भागाला हत्तीघोड्यांनी ओढलेल्या रथाचा आकार दिला आहे. राणीपद न मिळालेल्या स्त्रीच्या नावाने एवढी मोठी संस्था उभी राहावी, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती.

मुलूख कंपनीकडे गेल्यावर या छत्रांचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. साऱ्याचा हिशोब मांडणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने या जमिनी म्हणजे बुडालेला महसूल. अशा वेळी १८०१ मध्ये सरफोजींनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. पूर्वजांची पुण्याई, देवाधर्माचा कोप, राजाचा मानभंग असल्या गोष्टींवर त्यांना ते पत्र सहज उभारता आले असते. पूर्वजांचा उल्लेख त्यात आहेच. पण पत्राचा मोठा भाग वेगळाच आहे. छत्राच्या दारात माणूस येतो तेव्हा पुढे काय काय घडते, ते त्यांनी क्रमाने सांगितले आहे.

ब्राह्मणापासून ज्यांना तेव्हा अस्पृश्य मानले जाई त्यांच्यापर्यंत सर्व जातींचे वाटसरू, तसेच जोगी, जंगम, अतीत, बैरागी अशा साऱ्यांना शिजवलेला भात मिळतो. शिजवलेले न घेणाऱ्यांना मिठामसाल्यासह कोरडा शिधा दिला जातो. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मध्यरात्री घंटा वाजवली जाते आणि ज्यांचे अजून जेवण झाले नसेल त्यांनी यावे असा पुकारा होतो. पुढे प्रवास करू न शकणाऱ्याला तो तेथे राहील तितके दिवस अन्न मिळते. लहान मुलांना दूध मिळते. प्रत्येक छत्रात चारही वेदांचे अध्यापक असतात, एक पंतोजी असतो आणि रोग, सूज, सर्पादिकांचे विष यांवर उपचार जाणणारा वैद्यही असतो. परक्या वाटसरूंची मुले अनाथ झाली तर ती पंतोजीच्या स्वाधीन केली जातात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांनी एकदा अभ्यंग, लागेल तसे औषध आणि कपडे मिळतात. ज्या विद्येकडे त्यांचा ओढा असेल ती त्यांना शिकवली जाते आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करते. आजारी वाटसरू बरा होईपर्यंत त्याला औषध आणि पथ्याचे अन्न दिले जाते, आणि त्याच्याशी आदराने वागले जाते. निराधार गर्भवतीचे बाळंतपण छत्रात होते आणि त्यानंतर तीन महिने ती तेथे राहू शकते.

आम्ही शिक्षक मंडळी या मजकुरात पंतोजीजवळ थांबतो, हे साहजिकच आहे. मी मात्र चार दिवसांनी एकदा होणाऱ्या त्या अभ्यंगापाशी थांबले. कोणाच्या तरी अनाथ मुलाच्या डोक्याला तेल कधी लावायचे, हे एका राजाला माहीत आहे आणि ते सरकारी पत्रात लिहिण्याइतके त्याला महत्त्वाचे वाटते! हल्ली दानशूरता आणि स्वयंसेवा या विषयांवर समाजशास्त्रज्ञ सर्वेक्षणे करतात. कोण देतो, किती देतो, का देतो, किती तास सेवा करतो, हे त्यांचे नेहमीचे प्रश्न असतात. घेणाऱ्याला नेमके काय मिळाले, केव्हा मिळाले आणि ते देताना त्याच्याशी कसे वागले गेले, हे प्रश्न त्यामानाने मागाहून विचारले जाऊ लागले. तंजावरच्या पत्रात ते आधीच आले आहेत.

हे पत्र म्हणजे एका राजाने स्वतःच्या संस्थांविषयी केलेला युक्तिवाद आहे, याचे भानही ठेवले पाहिजे. प्रत्येक छत्रात प्रत्येक रात्री ती घंटा वाजत असेलच असे नाही. शिधा आणि शिजवलेले अन्न असा भेद होता, तेव्हा जातिभेद छत्राच्या उंबऱ्याबाहेर राहिलेला नव्हता हेही उघड आहे. आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. छत्रातला तांदूळ कावेरीच्या खोऱ्यातील ज्या शेतांतून येई, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या बांधील मजुरीने राबणारी माणसे होती. दात्यांच्या यादीत त्यांचे नाव कोठेच नाही. असे असूनही, आपण काय देतो हे इतक्या तपशिलाने लिहून देणारा माणूस स्वतःला तपासणीसाठी उभा करतो. कंपनीचा कोणीही अंमलदार ओरत्तनाडूला जाऊन मध्यरात्री थांबला असता तर लिहिलेले खरे की खोटे ते त्याला कळले असते.

इतर ठिकाणी तंजावरच्या राजांना मोठमोठे किताब असतील, पण या छत्रांमुळे आपल्या मुलुखाला लोक धर्मराज्य म्हणतात आणि आपल्याला तोच मान सर्वांत मोठा वाटतो, असे महाराजांनी कंपनीला कळवले. त्या मानाला धक्का लावू नये एवढीच त्यांची विनंती होती. ती मान्य झाली. छत्रांचा कारभार राजघराण्याकडेच राहिला.

त्यानंतरची तीस वर्षे सरफोजींनी कशी घालवली हे तंजावरला जाऊन पाहण्यासारखे आहे. सरस्वती महाल ग्रंथालय पूर्वीच्या नायक राजांपासूनचे, पण त्याला आजची समृद्धी आली ती त्यांच्यामुळे. १८२० मध्ये ते सुमारे तीन हजार माणसांसह काशीयात्रेला गेले आणि परतताना हस्तलिखिते घेऊन आले. आपल्या वाड्यात त्यांनी देवनागरी छापखाना घातला; इसापनीतीचे मराठी भाषांतर तेथे छापले गेले. जगाचा भूगोल गाण्यांतून शिकवणारे देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटकही त्यांच्याच नावावर आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आम्ही पाहिला, पण ऊन इतके होते की चार-पाच ओळींपलीकडे वाचण्याचा धीर झाला नाही. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकाठी त्यांनी मनोरा बांधला. तो मात्र मला फारसा भावला नाही. मांडलिकाला अशी किंमत मोजावी लागते, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

धन्वंतरी महाल ही त्यांची वैद्यकीय संस्था. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचे जाणकार एकत्र आणलेले होते. अनुभवास उतरलेली औषधे शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने तमिळ पद्यांत ग्रथित केली गेली. नेत्ररोग्यांच्या नोंदी तर विशेष. रुग्णाचा विकार, त्यावरील उपचार, त्याच्या डोळ्याचे चित्र अशा तऱ्हेने तयार केलेले कागद सरस्वती महालात जपून ठेवले आहेत. छत्राच्या पत्रात जी दृष्टी दिसते तीच येथे आहे. धर्मादाय उपचार घेणारा माणूस कागदावर स्वतंत्र माणूस म्हणून उरतो, गर्दीत हरवत नाही. श्वार्ट्झ यांच्या आठवणीने असावे, ख्रिस्ती प्रजेचाही त्यांनी विचार केला. कण्णंदंगुडी येथे पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची आणि तीस निराधारांच्या उदरनिर्वाहाची सोय त्यांनी लावून दिली. देणारा हिंदू, घेणारे ख्रिस्ती. आणि स्वतः ते लहानपणी नेमके याच्या उलट टोकाला उभे होते.

तिरुवैयारुत मात्र या दानशूर राजाला एक नकार मिळाला, अशी आख्यायिका आहे. त्यागराज त्यांचे समकालीन. वयाने दहा वर्षांनी मोठे. भिक्षावृत्तीने राहणाऱ्या या रामभक्ताला महाराजांनी दरबारी बोलावणे धाडले, सोबत धन आणि भेटवस्तू पाठवल्या. त्यागराजांनी त्या परत केल्या. सांपत्तिक ओढ असलेल्या थोरल्या भावाने रागाने त्यांच्या पूजेतील राममूर्ती कावेरीत फेकून दिल्या, असे ही कथा पुढे सांगते. कथा कितपत खरी ते इतिहासकार जाणोत. तिरुवैयारुच्या घाटावर ती ऐकताना मला एवढेच जाणवले की नकार देणाऱ्या भिक्षेकऱ्यावर राजाने सूड उगवल्याचे या कथेत कोणीही सांगत नाही. घेण्याची सक्ती नव्हती. मदत नाकारणाऱ्या पालकांविषयी आपण शिक्षक काय बोलतो ते आठवून मी त्या घाटावर थोडी गप्प झाले.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी महाराज निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. छत्रे सरकारकडे आणि पुढे जिल्हा बोर्डाकडे गेली. रेल्वे आली, रामेश्वरचे यात्रेकरू पायी जाईनासे झाले, मध्यरात्रीच्या पंक्ती ओस पडल्या. छत्रांच्या जमिनींचे उत्पन्न मात्र येतच होते, तेव्हा ते कोणासाठी वापरायचे हा प्रश्न आला. त्यातून तिरुवैयारुच्या कल्याण महालात संस्कृत पाठशाळा चालू झाली होती. १९२० नंतरच्या दशकात ए. टी. पन्नीरसेल्वम हे तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. सरफोजींच्या वंशाने ठेवलेला पैसा केवळ संस्कृतवर आणि एका वर्गाच्या विद्यार्थ्यांवर का खर्च व्हावा, असा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत उभा राहिला. वाद झाला. अखेर पाठशाळेत तमिळचे उच्च शिक्षण सुरू झाले, ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांसाठी दारे मोकळी झाली आणि संस्थेला राजाज कॉलेज हे नाव मिळाले. त्याच सुमारास इकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत जेवू घालणारे वसतिगृह चालवीत होते. दोघांना एकमेकांची माहिती असेल असे वाटत नाही.

काही छत्रांच्या इमारतींत आता शाळा आणि वसतिगृहे भरतात. छत्रांच्या मालमत्तेचा कारभार पाहणारी स्वतंत्र शाखा तंजावरच्या जिल्हा प्रशासनात आजही आहे. आम्ही तिरुवैयारुला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. सुट्टीचे दिवस असूनही काही विद्यार्थी नदीच्या पायऱ्यांवर पुस्तके घेऊन बसले होते. त्यांच्यापैकी एकाला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले की येथे फी किती पडते. फी त्याने सांगितली. मग थोडे थांबून, जेवणाची सोय आहे, असे स्वतःहून सांगितले.